बुसियाची जंताची गोळी : हजेरीपटावर विश्वास न ठेवल्याची गोष्ट

१० फेब्रुवारीला आपल्याकडे शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी देतात ना, अल्बेंडाझोलची, बाईंच्या समोर चघळून खायची. २०१५ ला काही राज्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून हे सुरू झालं आणि २०१६ पासून देशभर. त्या गोळीच्या बाजूने जगभर जो पुरावा मांडला जातो त्यातला मोठा वाटा पश्चिम केनियातल्या ७५ प्राथमिक शाळांमधून आलाय हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. मलाही नव्हतं. मुलांच्या भल्यासाठी डेटा वापरायचा म्हणजे नेमकं काय करायचं असं कुणी विचारलं की मी आता हेच प्रकरण सांगतो, कारण यात यशही आहे, चुकाही आहेत आणि चांगलं वीस-पंचवीस वर्षांचं भांडणही आहे.

शाळांची, मास्तरांची, मुलांची नावं इथे नाहीत, मूळ अभ्यासातही ती गुप्तच आहेत. संशोधकांची नावं जगजाहीर आहेत म्हणून ती दिलीत.

पार्श्वभूमी

जागा बुसिया जिल्हा. केनियाच्या पार पश्चिमेला, युगांडाच्या सीमेला लागून, दक्षिणेकडचा भाग व्हिक्टोरिया सरोवराला टेकलेला. शेती, मासेमारी, गरिबी. काळ १९९०च्या दशकाचा. प्राथमिक शिक्षण तेव्हा फुकट नव्हतं, ते केनियात २००३ ला झालं, त्यामुळे पालकांच्या मागे फी, गणवेश, पुस्तकं हे सगळं लागलेलं.

एक डच संस्था तिथल्या शाळांना मदत करत होती. मायकल क्रेमर नावाचा अमेरिकन अर्थतज्ज्ञ, जो कॉलेज संपल्यावर जवळच्याच काकामेगा भागात शाळेत शिकवायला येऊन राहिला होता, काही वर्षांनी केनियाला फिरायला आला तेव्हा त्याचा जुना मित्र या संस्थेत कामाला होता. मित्र म्हणाला आम्ही काही शाळा निवडून मदत देणार आहोत. क्रेमर म्हणाला, मग दुप्पट शाळा निवडा, निम्म्यांना आधी द्या, निम्म्यांना नंतर, म्हणजे मदतीने फरक पडतो का ते तरी कळेल. इतकी साधी सुरुवात. (याच क्रेमरला २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई माहेरच्या पाटणकर, म्हणून आपल्या पेपरांनी तेव्हा बॅनर्जींवर पानं भरली, क्रेमरच्या वाट्याला एखादी ओळ आली.)

पहिले काही प्रयोग सपाटून पडले आणि माझ्या मते ते पडले म्हणूनच पुढचं सगळं नीट झालं. आधी पाठ्यपुस्तकं वाटली. बहुतेक मुलांकडे पुस्तक नसायचंच तिथे पुस्तकं आली की मार्क वाढणारच असं कुणीही म्हणेल. सरासरी मार्क वाढले नाहीत. जी मुलं आधीच हुशार होती त्यांना फायदा झाला, बाकीच्यांना शून्य. कारण पुस्तकं इंग्रजीत, आणि तिथल्या पोराची घरची भाषा वेगळी, स्वाहिली दुसरी, इंग्रजी थेट तिसरी. पुस्तक हातात आलं पण वाचणार कोण?

मग फ्लिपचार्ट, म्हणजे भिंतीवर टांगायचे मोठे तक्ते. इथे तर भारीच मजा झाली. ज्या शाळांत असे तक्ते आधीपासून होते आणि ज्यांत नव्हते त्यांची नुसती तुलना केली तेव्हा तक्तेवाल्या शाळांचे मार्क चांगले दिसले, एखाद्याने लगेच अहवाल लिहून अनुदान मागितलं असतं. पण चिठ्ठ्या टाकल्यासारखं शाळा निवडून तक्ते दिले तेव्हा परिणाम काहीच नाही. म्हणजे तक्त्यांमुळे शाळा चांगली झाली नव्हती, मुळात बऱ्या शाळांकडेच तक्ते होते. तक्ते तेच, भाग तोच, निष्कर्ष उलटा. मला विचाराल तर आकडेवारीच्या पहिल्या तासाला मुलांना हेच शिकवावं.

अडचण काय होती

मुलं शाळेतच येत नव्हती, किंवा आज आली की उद्या नाही. आणि मुलांच्या पोटात जंत होते. आता या दोन्हीचा संबंध आहे असं तेव्हा कुणी छातीठोक म्हणत नव्हतं.

१९९८ च्या सुरुवातीला तिथल्या काही शाळांत मुलांच्या शौचाचे नमुने तपासले तर ९२ टक्के मुलांना कुठला ना कुठला जंत होता. ३७ टक्क्यांना मध्यम ते जास्त प्रमाणात. अंकुशकृमी, गोलकृमी, व्हिपवर्म आणि सरोवराजवळच्या शाळांत बिल्हार्झिया. अंकुशकृमी उघड्या पायातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो, बिल्हार्झिया पाण्यातल्या गोगलगायींमार्फत येतो आणि पोरं तर सरोवरात डुंबणारच, मासे धरणारच. त्यात १९९७-९८ चं एल निनो वर्ष, प्रचंड पूर, सगळीकडे चिखल आणि ओल, जंतांना आणखी काय पाहिजे.

जंताने मूल सहसा पटकन मरत नाही. त्याचं रक्त कमी होतं, दमतं, पोट दुखतं, मग घरी पडून राहतं. कुणी दवाखान्यात नेत नाही. नेलं तरी डॉक्टरला दहा मोठे आजार समोर असतात. पश्चिम केनियात काम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय की पोटात जंत असायचेच, ते पचनाला मदत करतात असं तिथे बऱ्याच जणांना वाटायचं. हसू नका, आपल्याकडेही पोराने दात खाल्ले की जंत झालेत म्हणतात आणि पुढे काहीच करत नाहीत.

कुठले पर्याय समोर होते

पहिला पर्याय, प्रत्येक मुलाची तपासणी करून फक्त जंत असलेल्याला औषध. ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा. पण तपासणीचा खर्च गोळीच्या खर्चाच्या कित्येक पट, जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब चार ते दहा पट असा आहे. गोळी सुरक्षित आणि स्वस्त, त्यामुळे जिथे प्रमाण जास्त तिथे सगळ्या शाळेला सरसकट द्या हे बरं. इथे ठरलं ते असं, की ज्या शाळेत साध्या जंतांचं प्रमाण ५० टक्क्यांवर तिथे सहा महिन्यांनी एकदा अल्बेंडाझोल, आणि बिल्हार्झिया ३० टक्क्यांवर तिथे वर्षातून एकदा प्राझिक्वांटेल.

दुसरा पर्याय, औषध सोडा, संडास बांधा, चपला द्या, स्वच्छता शिकवा. हे म्हणणारे चूक नव्हते, मूळ कारण तेच आहे. पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो आणि आज पाचवीत असलेलं पोर तोवर शाळा सोडून गेलेलं असतं. शेवटी गोळीबरोबर आरोग्यशिक्षण जोडलं, हात धुवा, चपला घाला, सरोवरात पोहू नका वगैरे. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

तिसरा पर्याय म्हणजे काहीच मोजायचं नाही, गोळ्या वाटायच्या, फोटो काढायचे आणि इतक्या हजार मुलांना लाभ झाला असं छापायचं. बहुतेक ठिकाणी हाच पर्याय निवडला जातो, उगाच कशाला खोटं बोला.

कळीचे निर्णय

इथे जरा थांबतो, कारण सगळी गंमत यात आहे.

एक. शाळा एकक धरायची की मूल? याआधीचे बरेच अभ्यास एकाच शाळेतल्या काही मुलांना खरी गोळी आणि काहींना खोटी देऊन फरक बघायचे आणि फरक फारसा दिसायचा नाही. क्रेमर आणि त्याचा तेव्हा विद्यार्थी असलेला सहकारी एडवर्ड मिगेल यांचं म्हणणं असं, की अहो जंत काय एका पोराच्या मालकीचा असतो का? बाळूला गोळी दिली की बाळू मैदानाच्या कडेला बसून जी अंडी मातीत सोडतो ती कमी होतात, त्यामुळे शेजारी गोळी न खाल्लेल्या राजूलाही जंत कमी होतात. मग बाळू आणि राजूची तुलना केली की फरक दिसणारच नाही, आणि आपण म्हणणार गोळीचा उपयोग नाही! म्हणून अख्खी शाळा एकदम. ७५ शाळा, ३० हजारांवर मुलं, २५-२५ शाळांचे तीन गट. पहिल्या गटाला १९९८ पासून, दुसऱ्याला १९९९ पासून, तिसऱ्याला २००१ मध्ये. म्हणजे कुणालाच कायमचं वगळलं नाही, पैसे आणि माणसं कमी होती म्हणून तसंही टप्प्याटप्प्यानेच करावं लागणार होतं, त्याच टप्प्यांचा तुलनेसाठी वापर केला.

दोन. हजेरी कशी मोजायची? हा माझा सगळ्यात आवडता निर्णय. हजेरीपट बघून चाललं असतं, फुकटात झालं असतं. पण हजेरीपट कोण भरतो, कसा भरतो हे शाळेशी संबंध आलेल्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडे २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा पटावरची किती मुलं प्रत्यक्षात सापडलीच नाहीत ते आठवतंय ना? तर यांनी काय केलं, संस्थेची माणसं न कळवता शाळेत जायची आणि त्या दिवशी वर्गात कोण बसलंय ते नाव घेऊन बघायची. मूल दुसऱ्या शाळेत गेलं असेल तर तिथे जाऊन बघायची. कंटाळवाणं काम, भर उन्हात कच्च्या रस्त्याने जायचं आणि यादी वाचायची. पण पुढची सगळी भांडणं झाली तरी या आकड्यावर कुणी बोट ठेवून हे खोटं आहे असं म्हणू शकलं नाही ते या कंटाळवाण्या कामामुळे.

तीन. ज्यांना यंदा गोळी द्यायची नाही त्यांची तपासणी करायची का? शास्त्राच्या दृष्टीने करायला हवी, सुरुवातीला कोण कुठे होतं ते कळतं. पण एखाद्या मुलाच्या पोटात जंत आहेत हे कळल्यावर त्याला औषध न देता वर्षभर नुसतं बघत बसायचं हे बरोबर नाही, म्हणून गट दोन आणि तीनची १९९८ ला तपासणी केलीच नाही. अभ्यास त्यामुळे थोडा लंगडा झाला. मला हा निर्णय पटतो.

चार. मोठ्या मुली. १३ वर्षं आणि त्यावरच्या मुलींना गोळी द्यायची नाही असं ठरलं, कारण गरोदर असेल तर बाळाला धोका होईल अशी तेव्हा भीती होती. काळजीपोटी घेतलेला निर्णय, पण पाळी सुरू झालेल्या, आधीच रक्त कमी असलेल्या मुलीच नेमक्या वगळल्या गेल्या. नंतर जागतिक धोरण सैल झालं. एक मात्र झालं, की गोळी न मिळालेल्या या मुलींकडे बघूनही कळलं की शेजाऱ्याच्या गोळीचा फायदा खरंच होतो.

पाच. संमती. पहिल्या वर्षी पालकसभा घेऊन सांगितलं आणि ज्याला नको त्याने नाही म्हणावं अशी पद्धत होती. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक पालकाने शाळेत येऊन सही करायची असा नियम आला. नियम योग्यच, पण शाळेत आलं की मास्तर थकलेली फी मागणार या भीतीने काही पालक फिरकलेच नाहीत. म्हणजे संमतीचा कागद फीच्या वहीशेजारी ठेवला गेला आणि गोळी चुकली.

काय हाती लागलं

वर्षभराने दोन गटांची तुलना केली तेव्हा गोळी मिळालेल्या शाळांत मध्यम-जास्त जंत असलेली मुलं २७ टक्के, न मिळालेल्या शाळांत ५२ टक्के. गैरहजेरी किमान एक चतुर्थांशाने घटली. गोळी न खाल्लेली मुलंही, जर शाळेला गोळी मिळाली असेल तर, जास्त यायला लागली.

मार्क? मार्क वाढले नाहीत. मूल वर्गात आलं म्हणून शिकेलच असं नाही, वर्गात पोरांची गर्दी आणि पुस्तक कळत नाही तर ते बिचारं काय करणार. आणि आरोग्यशिक्षणाने वागणं बदलल्याचंही दिसलं नाही, ना चपला वाढल्या ना सरोवरात जाणं कमी झालं. हे दोन्ही नकारात्मक निकाल त्यांनी पेपरात छापले. २००४ साली इकॉनॉमेट्रिका या मोठ्या जर्नलमध्ये पेपर आला आणि त्यातला एक आकडा जगभर फिरला. एका मुलाच्या शाळेत एक वर्ष जादा हजेरी मिळवायला जंताच्या गोळीने लागतात साडेतीन डॉलर, आणि फुकट गणवेश देऊन तेच करायचं तर जवळपास १०० डॉलर.

पैसे घ्यावेत का, हा प्रश्न

२००१ साली संस्थेला वाटलं, फुकट किती दिवस द्यायचं, लोकांनी थोडा तरी वाटा उचलावा म्हणजे कार्यक्रम स्वतःच्या पायावर उभा राहील. एनजीओच्या मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकलं नसेल असा माणूस विरळा. लोकसहभाग हवा, फुकटची किंमत नसते, इत्यादी.

यांनी वाद घालत बसण्याऐवजी तेही मोजलं. काही शाळा चिठ्ठीने निवडल्या आणि तिथे फी लावली, सरासरी एका मुलामागे साधारण ३० सेंट, म्हणजे तेव्हाचे चौदा-पंधरा रुपये, खऱ्या खर्चाचा छोटासाच भाग. फुकट होतं तिथे ७५ टक्के मुलांनी गोळी घेतली, फी लावली तिथे १८ टक्के. फक्त १८. आणि बरं, ज्यांना जास्त जंत होते त्यांनी तरी पैसे भरले असतील असं वाटेल, तर तेही नाही, आजारी मुलांचे पालक काही जास्त पुढे आले नाहीत.

आणखी एक उलटी गोष्ट. ज्यांचे ओळखीपाळखीचे लोक आधी गोळी मिळालेल्या शाळांशी जोडलेले होते त्यांनी गोळी कमी घेतली. म्हणजे माहिती पसरली की मागणी वाढते हे गृहीतक पार झोपलं. विचार केला तर बरोबरच आहे, शेजारीण सांगणार की अगं आमच्या पोराला दिली, काही विशेष फरक जाणवला नाही, वर दोन दिवस पोट दुखलं. फायदा मोठा आहे पण तो सगळ्या गावात पातळ पसरलेला, एका घराला दिसत नाही. जे एका घराला दिसत नाही त्यासाठी एक घर पैसे देणार नाही, साधा हिशोब.

या एका निकालाने मुलांच्या आरोग्याच्या कार्यक्रमात फी लावायची की नाही या चर्चेचा नूरच पालटला.

पुढे सरकारात

२००९ ला केनिया सरकारने शाळांतून ३६ लाख मुलांना गोळ्या दिल्या. मग मध्ये खंड पडला आणि २०१२ ला कार्यक्रम पुन्हा नीट आखून सुरू झाला, शिक्षण आणि आरोग्य खातं दोघांचा मिळून, वर्षाला साधारण ६० लाख मुलं. गोळी देतात शिक्षक, कारण शाळा गावोगाव आहेत, दवाखाने नाहीत. सगळ्या देशात सरसकट वाटली नाही हेही महत्त्वाचं, पश्चिमेचा आणि किनाऱ्याकडचा भाग, जिथे नकाशावर जंत दाटलेले दिसत होते तिथेच. नैरोबीची केम्री ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था ठरावीक शाळांत जाऊन पुन्हा पुन्हा नमुने तपासत राहिली. त्या शाळांत २०१२ ला जंत असलेली मुलं ३२ टक्क्यांच्या आसपास होती, २०१७ ला १३ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे बिहारने २०११ ला शाळांतून असाच मोठा कार्यक्रम केला होता, राष्ट्रीय दिन त्यानंतरचा.

भांडण

आता कडू भाग. मिगेल आणि क्रेमरनी आपला सगळा कच्चा डेटा आणि कॉम्प्युटरचा कोड लंडनच्या संशोधकांना तपासायला दिला. २०१५ मध्ये त्यांची फेरतपासणी छापून आली आणि त्यात चुका निघाल्या. सगळ्यात मोठी म्हणजे लांबच्या शाळांना होणारा फायदा काढताना कोडमध्ये जवळच्या १२ शाळाच धरल्या जात होत्या, बाकीच्या गळत होत्या. ती चूक सुधारल्यावर ३ ते ६ किलोमीटरवरच्या शाळांना फायदा होतो हा दावा टिकला नाही. शाळेतल्या शाळेत होणारा परिणाम टिकला. शिवाय फेरतपासणीवाल्यांनी विचारलं की खोटी गोळी नव्हती, कुणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, मग गोळीमुळेच मुलं आली हे कशावरून, संस्थेची माणसं येतात म्हणून उत्साहात आली नसतील कशावरून? शाळांचे गटही खऱ्या अर्थाने चिठ्ठ्या टाकून केले नव्हते, यादी लावून दर तिसरी शाळा अशी वाटणी होती.

त्याच सुमारास कॉक्रेन या नावाजलेल्या गटाने जगभरचे अभ्यास एकत्र करून म्हटलं की सरसकट जंतनाशक गोळ्यांनी वजन, हिमोग्लोबिन, मार्क यात सरासरी काही ठोस सुधारणा दिसत नाही. अर्थतज्ज्ञ एका बाजूला, साथरोगतज्ज्ञ दुसऱ्या बाजूला, इंटरनेटवर जुंपली, लोकांनी त्याला जंतयुद्ध असं नावच पाडलं.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर होत्या. ज्या भागात फार थोड्या मुलांना जंत आहेत तिथल्या अभ्यासाची सरासरी आणि ९२ टक्केवाल्या बुसियाची सरासरी एकत्र ढवळली की चव जाणारच. पण एकाच जिल्ह्याच्या, तेही पुराच्या वर्षातल्या निकालावर जगभरचे दावे उभे करणं हेही जास्तच होतं. काही दात्यांनी यातून मधला मार्ग काढला तो मला व्यवहारी वाटतो, त्यांनी अभ्यासातल्या फायद्याचा फक्त दहा-पंधरा टक्के भाग खरा धरून हिशोब केला आणि तरीही गोळी इतकी स्वस्त आहे की पैसे लावणं परवडतं असं ठरवलं.

वीस वर्षांनी

मिगेल-क्रेमरच्या गटाने आणखी एक गोष्ट केली जी फार कमी लोक करतात. मुलांना सोडलं नाही. साडेसात हजारांच्या आसपास मुलांची यादी धरून ती मोठी होत गेली तसं त्यांना शोधत राहिले. कुणी नैरोबीला गेलं, कुणी मोंबासाला, कुणी सीमा ओलांडून युगांडात. तिथे जाऊन विचारलं, काय काम करता, किती कमावता, घरात काय खाता.

दहा वर्षांनी दिसलं की आधी गोळी मिळालेले पुरुष आठवड्याला १७ टक्के जास्त तास काम करतायत, आणि मुलींमध्ये प्राथमिकची परीक्षा पास होण्याचं प्रमाण वाढलेलं. २०२१ साली वीस वर्षांनंतरचा निकाल आला. ज्यांना दोन-तीन वर्षं जास्त गोळ्या मिळाल्या त्यांच्या घरचा खर्च म्हणजे राहणीमान १४ टक्क्यांनी जास्त, तासाची कमाई १३ टक्क्यांनी जास्त. शाळेत असताना मार्क वाढले नव्हते हे लक्षात घ्या. फक्त मार्कच मोजून १९९९ ला दुकान बंद केलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे चिठ्ठ्या खरंच टाकायला हव्या होत्या, गावकऱ्यांसमोर. दर तिसरी शाळा ही पद्धत सोपी होती पण तिच्यामुळे विरोधकांच्या हातात पंधरा वर्षांनी आयतं कोलीत मिळालं.

कोड दुसऱ्या कुणाकडून छापण्याआधीच तपासून घेतला असता तर ती १२ शाळांची चूक दोन तासात सापडली असती. तरी एक सांगतो, चूक सापडली ती त्यांनी डेटा उघडा दिला म्हणून. ज्यांनी कधी कपाट उघडलंच नाही त्यांच्या चुका कुणालाच माहीत नाहीत आणि ते मात्र निर्दोष म्हणून मिरवतात, हा कुठला न्याय.

संमतीची सही फी मागणाऱ्या माणसासमोर घ्यायला नको होती. आरोग्यसेविकेने घरी जाऊन घेतली असती तर खर्च वाढला असता, पण गोळी चुकलेली मुलं कदाचित सगळ्यात गरीब घरातलीच असणार. रक्तातलं हिमोग्लोबिन जास्त मुलांचं आणि जास्त वेळा मोजायला हवं होतं, कारण गोळी ते हजेरी यातला मधला दुवा तोच आणि भांडणात नेमका तोच कमकुवत निघाला.

आणि मोठी माणसं. शाळेत गोळी देऊन मुलांचे जंत कमी झाले तरी घरात आई-बापाच्या, आजीच्या पोटात अंकुशकृमी असतोच, तो पुन्हा अंगणात उतरतो आणि पोर पुन्हा अनवाणी फिरतं. केनियाच्याच किनाऱ्यावर क्वाले भागात २०१५ ते १७ मध्ये हे तपासलं, काही भागांत फक्त शाळेत गोळी, काही भागांत घरोघरी सगळ्यांना. घरोघरी दिली तिथे अंकुशकृमी बराच जास्त खाली आला. पण घरोघरी जायला माणसं लागतात, आणि शिक्षक आधीच कावलेत, त्यामुळे तो खर्च कुणी करायचा यावर गाडी अडते.

बुसियातली ती पोरं आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. संशोधकांची माणसं अजूनही त्यांच्या दारात जातात, फक्त आता सोबत लहान मुलांना खेळवत घ्यायच्या चाचण्यांच्या पिशव्या असतात, कारण सध्या यादीत ज्यांची नावं चढतायत ती त्यांची मुलं आहेत, तीन ते आठ वर्षांची.